देसांकाबाईंना ऐकू येईल असा कीबोर्ड

ज्या कामाचा आवाज होत नाही ते काम नव्हे, या सिद्धांतावर मनुष्यजातीची सगळी संस्कृती उभी आहे. ऐरणीपासून आगगाडीपर्यंत माणसाने जे जे केलं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असंच केलं. हा सिद्धांत कोणा तत्त्ववेत्त्याचा नव्हे. तो सर्बियातल्या निश शहरी एका सहामजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, देसांकाबाईंनी रिकाम्या बरण्या उकळताना मांडला, आणि तोही जावयाला त्याच्या जागेवरून हुसकावण्यासाठी.

जावयाचं नाव वेलिमिर, वय चौपन्न. कपडे धुण्याची यंत्रं, मिक्सर, गवत कापायची यंत्रं यांच्या खोक्यात जी बारीक अक्षरांची पुस्तिका असते आणि जी खोक्याबरोबरच माळ्यावर जाते, ती जर्मनमधून सर्बियनमध्ये आणणं हा त्याचा धंदा. हा धंदा तो बाल्कनीत बसून करी. बाल्कनीला काचा लावून तिची खोली केलेली होती. त्या इमारतीत प्रत्येकानेच केली होती आणि त्यासाठी लागणारी परवानगी कोणीच काढलेली नव्हती. आत एक टेबल, एक खुर्ची आणि एक लॅपटॉप. त्या लॅपटॉपच्या बटणांचा आवाज दुधात बिस्किट बुडवावं इतका.

"जावई, पंधरा तारखेला मिरच्या येतायत," देसांकाबाई म्हणाल्या. "ऐंशी किलो. भाजून, वाटून आयवारची चटणी भरून झाली की बरण्यांना बाल्कनी लागेल. तुझं ते टेबल काढ."

"आई, मी तिथे काम करतो."

"कधी?"

"रोज. सकाळी आठपासून."

"मग मला कधी ऐकू कसं आलं नाही? तुझे सासरे पत्र्याचं काम करायचे. चौथ्या गल्लीत कळायचं, माणूस कामावर आहे म्हणून. तू आपला दार लावून बसतोस. आत झोपलायस का मेलायस, बाहेरच्यानं समजायचं कसं?"

वेलिमिरने बायकोकडे पाहिलं. रुझित्सा औषधाच्या दुकानात कामाला होती आणि दोन्ही बाजूंच्या गिऱ्हाइकांना शांत ठेवण्याची तिला सवय होती. "आई चुकीचं बोलतेय," ती म्हणाली, "पण अगदीच चुकीचं नाही."

त्या बाल्कनीवर वेलिमिरचा जीव होता. आयुष्यात त्याच्या वाट्याला स्वतःची अशी तेवढीच जागा आली होती, चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. त्याने विचार केला. यंत्रांबद्दल आयुष्यभर वाचलेल्या माणसाला सुचावा तसाच उपाय त्याला सुचला. त्याने मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचं ठरवलं. त्यात म्हणे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, स्विचमध्ये स्प्रिंग असते, आणि दाबलं की ते बोलतं.

कोणतंही यंत्र घेण्याआधी वेलिमिर त्याबद्दल वाचत असे. नऊ दिवस त्याने इंटरनेटवर जाणकारांची भांडणं वाचली. निळे स्विच टकटकतात, तांबडे गुळगुळीत खाली जातात, तपकिरी मधे किंचित अडखळतात. नवशिक्याने तपकिरी घ्यावेत, असं एकाने लिहिलं होतं. तपकिरी म्हणजे ज्याला लग्न करायचं का नाही हे ठरवता येत नाही त्याच्यासाठी, असं दुसऱ्याने उत्तर दिलं होतं. पुढच्या पानावर तिसऱ्याने दोघांच्याही आयांची आठवण काढली होती. दहाव्या दिवशी वेलिमिरला कीबोर्डविषयी सगळं कळलं होतं, फक्त कोणता घ्यावा ते सोडून.

शेवटी तो निशावा नदीपलीकडच्या एका दुकानात गेला. दुकानदार स्लावोल्युब हा जन्मभर अकॉर्डियन दुरुस्त करत आलेला माणूस. लग्नांत अकॉर्डियन कमी वाजू लागले तसा तो कीबोर्डकडे वळला होता. बटणं ती बटणंच, असं त्याचं मत होतं.

"पहिलाच?" त्याने विचारलं.

"पहिलाच."

"बटणाकडून तुमची अपेक्षा काय? काही लोकांना बोटाला सुख हवं असतं, काहींना वेग."

"सासूला स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे."

स्लावोल्युब हसला नाही. असे प्रश्न त्याच्याकडे पूर्वीही आले असावेत. "अंतर?"

"सहा मीटर. मधे दोन दारं."

"दारं लाकडी?"

"एक लाकडी, एक काचेचं. आणि चुलीवर वाफ ओढणारा पंखा."

"सासूचे कान?"

"हवं ते ऐकतात."

"मग निळे," स्लावोल्युब म्हणाला. "आणि हे घ्या, याचे स्विच चिमट्याने उपटून बदलता येतात. पहिला कीबोर्ड आणि पहिली बायको, दोन्हीत माणूस निवडताना चुकतो. इथे निदान स्विच बदलता येतो."

बारा तारखेला वेलिमिरने नवा कीबोर्ड टेबलावर मांडला, काचेचं दार लावलं आणि टंकायला सुरुवात केली. पत्र्याच्या छपरावर कोणी वाटाणे ओतत असावं, असा आवाज झाला. अर्ध्या तासाने दार उघडून देसांकाबाई आत आल्या. त्यांच्या हातात कॉफी होती. अठरा वर्षांत प्रथमच.

"घे," त्या म्हणाल्या. "काम करणाऱ्या माणसाला लागते."

पंधरा तारखेची गोष्ट आपोआप पुढे ढकलली गेली. मात्र एक अडचण होती. भाषांतर करणारा माणूस दहा मिनिटं टंकतो आणि वीस मिनिटं विचार करतो. विचाराला निळा स्विच नसतो. आवाज थांबला की स्वयंपाकघरातून विचारणा येई, "काय रे, थांबलास?" तेव्हा वेलिमिरने विचार करतानाही एका हाताने एकच अक्षर बडवत राहायचं आणि नंतर ते पुसून टाकायचं ठरवलं. त्यामुळे सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्या बाल्कनीतून अखंड टकटक येऊ लागली. दुपारी तीन ते पाच या वेळात इमारतीत भिंतीला खिळा ठोकायचीही बंदी. त्या शांततेत ती टकटक पार पाचव्या मजल्यापर्यंत चढे.

कोणी तक्रार केली नाही. इथेच वेलिमिरला संशय यायला हवा होता.

पहिल्यांदा पेर्सिदा आली. ही भिंतीपलीकडची शेजारीण. पाण्याच्या नळावरून चार वर्षं तिचं यांच्याशी बोलणं बंद होतं. तिच्या हातात ताज्या आयवारची बरणी होती.

"असंच," ती म्हणाली. "म्हटलं, वेलिमिर एवढं काम करतो, पावाला लावायला काहीतरी हवं." मग दारातूनच तिने आत मान लांबवली. "बरंच लिहून होतंय, नाही?"

"चाललंय," वेलिमिर नम्रपणे म्हणाला. "यंदा काम जास्त आहे. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट नोंदवावी लागते."

पेर्सिदाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिने आणखी दोन बरण्या आणल्या.

मग वरच्या मजल्यावरचा झिवोयिन आला. तो इमारतीच्या मंडळाचा अध्यक्ष होता आणि नोटिसा चिकटवण्यापलीकडे कोणाशी बोलत नसे. त्याने घरच्या आलुबुखारांच्या दारूची बाटली टेबलावर ठेवली आणि बराच वेळ कीबोर्डकडे पाहत उभा राहिला.

"शेजारबुवा," तो म्हणाला, "माझ्या बाल्कनीच्या काचा तुम्ही पाहिल्याच असतील."

"पाहिल्यात. छान आहेत."

"त्या तशा बसवलेल्या नाहीत. नुसत्या टेकवून ठेवल्यात. आमच्या हिच्या लिंबाच्या झाडाला थंडी बाधते म्हणून. कायद्यानं बघायला गेलं तर ती बाल्कनीच आहे."

"असेल की," वेलिमिर म्हणाला. त्याचा हात सवयीने एक अक्षर बडवत होता. झिवोयिन दचकला आणि उलट पावली गेला.

दहा दिवसांत बेचाळीस बरण्या जमल्या. आयवार, भाजून सोललेल्या मिरच्या, खारवलेल्या काकड्या. लिफ्टमध्ये लोक वेलिमिरसाठी दार धरून ठेवू लागले. वेलिमिर चालता चालता जरा ताठ झाला. माणूस शांतपणे तीस वर्षं राबतो तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि जरा आवाज केला की जग कॉफी आणून देतं, यावर तो पुष्कळ विचार करू लागला. देसांकाबाईंनी मिरच्यांची ऑर्डर रद्द केली. फुकटात येतंय तर भाजत कोण बसतो. पण आलेल्या बरण्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न उरलाच, आणि त्याचं उत्तर त्यांच्यापाशी आधीपासून तयार होतं. टेबल अर्धं कोपऱ्यात सरकलं. खुर्चीच्या जागी स्टूल आलं. वेलिमिर गुडघे छातीशी घेऊन टंकू लागला.

खुलासा रुझित्साने आणला. संध्याकाळी दुकानातून आली ती पर्स न ठेवताच बाल्कनीत शिरली.

"पेर्सिदानं मला लिफ्टमध्ये गाठलं," ती म्हणाली. "विचारत होती, आमचं नाव कितव्या पानावर आहे."

"कसल्या पानावर?"

"म्हणे तू बांधकाम-निरीक्षकांना तक्रारीचा अर्ज लिहितोयस. सगळ्या बाल्कन्यांबद्दल. वसंतात पलीकडच्या इमारतीतल्या कोणीतरी लिहिलं होतं ना, काचा उतरवल्या त्यांच्या. आता इथलं तू लिहितोयस."

वेलिमिरने सभोवार पाहिलं. काचा, बरण्या, काचा. "पण माझीही बाल्कनी बिनपरवानगीच आहे. मी स्वतःविरुद्ध कसा लिहीन?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाली, म्हणूनच तर कोणाला संशय येणार नाही."

वेलिमिरचा बाप रेल्वेत होता. शेजाऱ्यांबद्दल कागद लिहिणाऱ्या माणसाच्या हातची कॉफी तो कधी पीत नसे. त्या बापाचा मुलगा आता बेचाळीस बरण्यांत बसला होता. जेवण न करता त्याने चिमटा घेतला आणि सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी निळे स्विच उपटून काढले. सकाळी स्लावोल्युबकडून त्याने मुके तांबडे आणले, आतून रबर लावलेले. ते बसवल्यावर कीबोर्ड असा गप्प झाला की स्वतः वेलिमिरला दोनदा पडद्याकडे बघावं लागलं. देसांकाबाई नव्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. बरण्या येत होत्या तोवर त्यांना आवाजाची गरज नव्हती.

सोमवारी इमारतीत शांतता होती. मंगळवारीही. बुधवारी जिन्यात दोघंजण कुजबुजत होते. वेलिमिरला पाहून ते गप्प झाले, पण शेवटचा शब्द त्याच्या कानावर पडलाच.

"पाठवला."

गुरुवारी एका दिवसात अकरा बरण्या आल्या आणि धुरावर वाळवलेली डुकराची एक अख्खी तंगडी. टेबल बाल्कनीतून बाहेर पडलं आणि बेसिनशेजारी उभं राहिलं. दुपारी वरून खरडल्याचा आवाज आला. वेलिमिरने खिडकीतून मान काढून पाहिलं. झिवोयिन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आपल्या बाल्कनीच्या काचा उतरवत होता. त्याची बायको लिंबाच्या कुंडीला घोंगडी गुंडाळत होती.

तेव्हा मात्र वेलिमिरला राहवेना. त्याने हातातलं भाषांतर छापून घेतलं आणि जिना चढून वर गेला.

"झिवोयिन, काचा परत लावा," तो म्हणाला. "मी कोणाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी दिवसभर हे लिहितो. वाचा."

झिवोयिनने चष्मा लावला. काचेविना उघड्या बाल्कनीत वाऱ्यात उभं राहून त्याने चाळीसच्या चाळीस पानं वाचली. मधे एकदा तो थांबला.

"'यंत्र सुरू करण्यापूर्वी दार नीट बंद असल्याची खात्री करावी.' हे कोणाबद्दल आहे?"

"कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल."

"'गळती आढळल्यास स्वतः दुरुस्ती करू नये, अधिकृत माणसास कळवावे.'"

"तेही यंत्राबद्दलच."

झिवोयिनने शेवटचं पान उलटं करून मागे पाहिलं. तिथे काही नव्हतं. त्याने चष्मा काढला.

"आणि हे वाचतं कोण?"

वेलिमिरने जरा विचार केला. खोटं बोलायला तो आला नव्हता. "कोणीच नाही," तो म्हणाला.

झिवोयिनने पानं नीट जुळवून त्याला परत दिली. त्याच्या चेहऱ्यावरून भीती उतरली आणि तिच्या जागी येऊ लागली ती दया. अठरा वर्षांच्या शेजारधर्माची दया. "बरं, बस की," तो म्हणाला. एकेरीवर आला होता. "हे घोंगडं धर जरा. पानं गळतायत."

बातमी संध्याकाळपर्यंत तळमजल्याला पोचली. सहा वाजता वेलिमिर पाव आणायला निघाला तेव्हा लिफ्टचं दार त्याच्या नाकासमोर बंद झालं. आत तिघं होते, आणि तिघंही मजल्यांचे आकडे वाचत होते.

सकाळी आठ वाजता बेल वाजली. देसांकाबाई पावावर आयवार पसरत होत्या. वेलिमिर अजून बेसिनशेजारच्या टेबलाशीच बसला होता. त्याने उठून दार उघडलं. दारात पेर्सिदा होती, रिकामी पिशवी घेऊन. तिच्या मागे जिन्यावर आणखी काही पिशव्या उभ्या होत्या.

"वेलिमिर, आत येत नाही," पेर्सिदा म्हणाली. "तेवढ्या माझ्या तीन बरण्या दे. आणि रिकाम्या झाल्या नसल्या तरी चालेल."