मोटारकाकांची गाडी आणि डिकीतलं सामान

मोटारकाकांची गाडी वर्षातून दोनदाच घराबाहेर पडायची आणि दोन्ही वेळा धुराची तपासणी करून घ्यायला. एरवी काका कुठेही सायकलवर जायचे. आता तुम्हीच सांगा, कोण शहाणा माणूस असली गाडी पाळेल? पण गल्लीत सगळे त्यांना मोटारकाका म्हणायचे, आणि त्या नावावर काकांचा भारी जीव होता.

"गाडी धूरच सोडत नाही, तर तपासायचं काय?" काकू दर खेपेला विचारायच्या. या खेपेला मात्र त्या इरेलाच पेटल्या. "आज नापास झाली तर सरळ भंगारात. द्या शब्द!"

काकांनी बेधडक शब्द दिला. काकू साक्षीदार म्हणून शेजारी बसल्या.

तपासणीवाल्याने मागच्या नळकांड्यात नळी खुपसली, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. "नापास."

"अरे, नीट बघ! मागच्या वेळी पास झाली होती."

"मागच्या वेळी मीही बारीक होतो, काका. इंजिन गार आहे. जरा फिरवून गरम करून आणा."

काका निघाले ते नेमके गर्दीत सापडले. मागचे भोंगे आणि शेजारी बसलेल्या काकू यांच्यामध्ये इंजिनाआधी काकाच गरम झाले. परत आले तर तपासणीवाल्याने पुन्हा हात पुढे केला.

"पुन्हा कसले पैसे?"

"पुन्हा नळी घातली ना!"

पुन्हा नापास, आणि आकडा आधीपेक्षा वाईट. "फिटरला दाखवा," म्हणून तो मोकळा झाला.

"मी काही बोलत नाही हं," असं म्हणून काकू फिटरच्या दारापर्यंत अखंड बोलत होत्या.

फिटरने प्लग बदलले. धूर काळाच. मग ऑइल बदललं. तरी काळाच. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" काका कपाळाला हात लावून स्टुलावर बसले. "मेली एकदाची गाडी!"

शेवटी फिटरने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि तो हसतच सुटला. आत भुईमुगाच्या शेंगांची टरफलं ठासून भरली होती.

"उंदरांनी संसार थाटलाय, काका! हवाच जात नाही आत, धूर होणार नाही तर काय? शेंगा कुठे ठेवता घरी?"

"कपाटात," काका म्हणाले आणि काकूंकडे वळले. काकू आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होत्या. भिंतीवरची टायरची जाहिरात त्या मन लावून वाचत होत्या.

"अहो?"

"थोड्याशा डिकीत ठेवल्यात."

फिटरने डिकी उघडली. शेंगांचं पोतं, कांदे, गोधड्या, काकूंच्या ताईने परत न नेलेली पातेली आणि मोडका पंखा.

"या थोड्याशा?"

"मग घरात जागा कुठाय? आणि गाडी तरी कुठे जात होती?"

नवा फिल्टर बसला, तपासणी झाली आणि गाडी पहिल्या फटक्यात पास झाली. पण काका आता पार विटले होते. फिटर बरोबरच आला होता, त्याने हळूच खडा टाकला. "काका, मला देता का? किंमत चांगली देईन."

"ने बाबा! आत्ताच ने!" काकांनी किल्ली त्याच्या हातावर आपटली. "सुटलो एकदाचा!"

काकूंनी ती वरच्यावर उचलली.

"काही डोकंबिकं आहे का? एवढा खर्च करून चांगली पास झालेली गाडी कुणी विकतं का?"

"अगं, सकाळी तूच म्हणालीस भंगारात..."

"नापास झाली तर म्हणाले होते! शेवटी झाली ना पास?" काकूंनी दाखला घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि ऐटीत गाडीत जाऊन बसल्या. "चला आता, घरी जाताना उंदरांचं औषध घ्या. आणि वाटेत ताईकडे थांबा. तिचं शिवणाचं मशीन मागच्या सीटवर सहज मावेल."