वाढीव खोली आणि घटता पट

शहादा-प्रकाशा रस्त्यावरच्या आमच्या गावच्या शाळेला एकाच टपालात दोन पत्रं आली. पहिल्यात कळवलं होतं, की पट घसरल्यामुळे शाळा बंद करण्यात येत आहे. दुसऱ्यात कळवलं होतं, की विद्यार्थ्यांची गर्दी लक्षात घेता एक वाढीव वर्गखोली मंजूर करण्यात येत आहे. खोली मागितली तेव्हा शाळेत मुलं मावत नव्हती. मंजुरी आली तेव्हा ती मुलं बाप झाली होती. शाळा बचाव समितीचा अध्यक्ष या नात्याने मी दोन्ही पत्रांना 'आदेशाचे पालन होईल' असं उत्तर धाडलं. सरकारचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा आहे.

खोलीच्या कामासाठी सातपुड्यातून ठेकेदाराची जीप आली. गवंडी करमसिंग, त्याची बायको रेवाबाई आणि आणखी काही कुटुंबं उतरली. बरोबर पोरं. वाळूच्या ढिगावर नुसता सुळसुळाट! शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिका स्वप्नाली मॅडम. त्यांनी नियमाप्रमाणे ही शाळाबाह्य मुलं दाखल करून घेतली, आणि पट बघता बघता वर गेला. शाळा वाचली! आम्ही फटाके फोडले.

करमसिंगची पोरगी रविना आजवर आईबापामागे गुजरातेत एका कामावरून दुसऱ्या कामावर हिंडलेली. ती इथे घडाघडा वाचू लागली. रेवाबाई डोक्यावरचं घमेलं न उतरवता खिडकीशी थबकायची आणि ऐकत राहायची. मुकादमाला तिच्यावर रोज ओरडावं लागे.

एके सकाळी समितीचे खजिनदार हिंमतराव धापा टाकत आले. "अध्यक्ष, घात व्हयना! भिंती खिडकीना वर गयात. काम सरनं ते गवंडी जातीन, गवंडी गयात ते पोरं जातीन, आनि पोरं गयात ते शाळा बंद!"

"मंग?"

"मंग काय! भिंत पाडी टाका."

तर्क बिनतोड होता. शाळा वाचवायची तर खोली पूर्ण होऊ द्यायची नाही, असा ठराव समितीने एकमताने मंजूर केला. स्वप्नाली मॅडमनी तेवढ्यात भाबडेपणाने विचारलं, "गावातलीच मुलं इथे घातली तर?" प्रश्न फारच वैयक्तिक होता. समितीतल्या सगळ्यांची मुलं-नातवंडं पिवळ्या गाडीने शहाद्याच्या इंग्रजी शाळेत जातात, माझा नातू भाग्येशसुद्धा. शाळा वाचवणं वेगळं आणि शाळेत जाणं वेगळं. मॅडमना चहा देऊन विषय बदलण्यात आला.

पण सरकारी भिंत उगाच पाडता येत नाही. ती आधी सदोष ठरावी लागते. मी करमसिंगला बाजूला घेतलं. "भाऊ, भिंत वाकडी बांध. साहेब नापास करतील, तू पाडशील, परत बांधशील. तुझी पोरगी शिकत राहील."

करमसिंगचा चेहरा पडला. रेवाबाईने त्याचा हात धरला. "बांध ना," ती म्हणाली. "पोरीसाठी बांध वाकडी."

बिचाऱ्याने प्रयत्न केला. पण दोन विटा तिरक्या ठेवल्या, की तिसरी बसवताना हात आधीच्या दोन्ही सरळ करून टाकी. अखेर थापी खाली टाकून तो म्हणाला, "साहेब, हातच ऐकत नाही." रेवाबाई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग मी आणि हिंमतरावांनीच बाह्या सरसावल्या. आम्ही बांधलेली भिंत इतकी वाकडी झाली, की गावातलं कुत्रं तिच्या सावलीला बसेना. हिंमतराव लांब जाऊन, डोळा बारीक करून म्हणाले, "आते दखू, कोन पास करस!"

अभियंता नवनीत साहेब तपासणीला आले. गाडीतून न उतरता त्यांनी काच खाली केली. "उत्कृष्ट!" ते म्हणाले.

"साहेब, वाकडी शे!" हिंमतराव कळवळले.

"वाकडी असती तर नकाशात दिसली नसती का?"

कपाळ आमचं! एकदा उत्कृष्ट ठरलेलं काम थांबवणं हा गुन्हा. स्लॅब टाकला गेला, फीत कापली गेली, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी जीप भरली. रविना शाळेच्या खिडकीचे गज धरून रडत होती आणि आतून मॅडम. पट शून्यावर आला, शाळेला कुलूप लागलं, दोन्ही आदेश पाळले गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या रात्री जेवण गेलं नाही.

जीप मात्र या वेळी गुजरातेत गेली नाही. शहाद्यालाच थांबली. भाग्येशच्या शाळेवर वाढीव मजला चढवायचा होता. रेवाबाई रविनाचा हात धरून थेट प्राचार्याबाईंपुढे उभी राहिली. "बाई, पोरगी वाचते. बसू द्या तिला. काम चालेल तोवरच." एवढ्या मोठ्या प्रश्नावर एकटीने निर्णय कसा घ्यायचा, म्हणून बाईंनी पालकसभा बोलावली. शाळा बचाव समिती पहिल्या रांगेत होती. मला पाहून रेवाबाईचा चेहरा उजळला.

"या साहेबांना विचारा," ती म्हणाली. "यांनी माझ्या पोरीच्या शाळेसाठी लई खटपट केली. भिंतसुद्धा बांधली."

सगळं सभागृह माझ्याकडे पाहू लागलं. मी उठलो. शिक्षण तळागाळापर्यंत पोहोचलंच पाहिजे, असं ठासून सांगितलं. मग म्हणालो, "फक्त आपल्या मुलांच्या सवयी, भाषा, स्वच्छता, याचाही विचार व्हावा." टाळ्यांचा कडकडाट झाला. रेवाबाईला वाटलं, प्रवेश मिळाला. तीही टाळ्या वाजवू लागली.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त तुमची पोरगी कोणत्या शाळेत जाते आणि बाकावर तिच्या शेजारी रविना बसलेली तुम्हाला चालेल का, तेवढं सांगा आणि मग ठेवा.