शेजारच्या सीटवरची ज्वारी

"शेजारी कोन बसनार?" कृपादान फिटरनं विचारलं आणि नृसिंहराव वकील चक्क अडखळले. नगरच्या कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडणारा हा माणूस!

झालं होतं असं. छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा नृसिंहरावांनी त्याची दोन सीटांची लाल स्पोर्ट्‌स गाडी घेतली. पांढऱ्या मिशा आणि लाल गाडी! सगळं गाव हसलं. हसणाऱ्यांना काय ठाऊक? अंबिकाबाई होत्या तेव्हा अशीच एक गाडी छावणीच्या रस्त्यानं भुर्रकन गेली होती आणि त्या म्हणाल्या होत्या, "अहो, यात एकदा बसायला हवं." पुढं अंबिकाबाई गेल्या, आणि गाडी मागाहून आली.

गाडीचे टायर एका कडेनं पार खाल्लेले होते. लढाईनं टायर दुर्मीळ झालेले. वकिलांनी नाना खटपटी करून नवे मिळवले आणि ते चढवून चाकं लाइनीत आणायला गाडी कृपादानकडे नेली. कृपादान नुकताच शेवगावहून येऊन स्टेशन रस्त्याला दुकान टाकून बसलेला. तो मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणायचा, एक डोळा मिटायचा, आणि त्याआधी गाडीत बसणाऱ्यांइतकं वजन सीटवर ठेवायचा.

"हलकी गाडी हाय, वकीलसाहेब. एकटंच मानूस बसलं तर त्याच अंगाला झुकती. म्हनून इचारतो, शेजारी कोन?"

कोणी नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते शब्द काही केल्या तोंडातून फुटेनात.

"घरचं माणूस," वकील म्हणाले.

"बाईसाहेब व्हय! अंगानं कशा हायेत?"

"बेताच्या," म्हणून नृसिंहराव रस्त्याकडं बघत उभे राहिले.

"मंग आमची कारभारीन दीना, तिच्यापेक्षा वाईच कमी धरतो." कृपादाननं ज्वारीचं अर्धं पोतं आणलं, त्यातली ओंजळभर ज्वारी काढली, मान तिरकी करून बघितलं, आणखी थोडी काढली. मग पोतं शेजारी ठेवून आणि वकिलांना स्टिअरिंगमागं बसवून त्यानं चाकं लाइनीत बसवली. गाडी कशी सरळ गेली! मग पोतं काढून घेतलं आणि वकील घरी निघाले.

वेशीपर्यंत येईतो गाडी उजवीकडं ओढायला लागली. समोरून कडब्याची बैलगाडी येत होती, आणि लाल गाडी थेट तिलाच भेटायला निघालेली. बैल बिचकले, गाडीवानानं वकिलांच्या सात पिढ्यांची आठवण काढली. आता सरळ मागं फिरून कृपादानला खरं सांगावं की नाही? छे! त्याला सांगायचं म्हणजे तो "अरेरे" म्हणणार. ते "अरेरे" ऐकून वकिलांचे कान किटले होते. त्यांनी आडतीवरून अर्धं पोतं ज्वारी घेतली आणि शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी सुतासारखी सरळ झाली.

पण गोणपाट सीटचं कातडं खरवडायला लागलं. म्हणून वकिलांनी अंबिकाबाईंचं जुनं हिरवं लुगडं पोत्याला गुंडाळलं. झालं! गाडीनं वेग घेतला की पदर फडफडायचा. डावं वळण आलं की पोतं वकिलांच्या खांद्यावर कलंडायचं, आणि ते एका हातानं त्याला हळूच सरळ करून बसवायचे. भर बाजारातून!

पारनेरच्या वाटेवर कुणी बघितलं, कुणी वेशीत. आठवडी बाजार उठायच्या आत नगरभर झालं की वकिलांनी दुसरा घरोबा केला, बाई फार लाजाळू आहे, मान वर करत नाही.

शुक्रवारी दुपारी दारात नीलांबरीवहिनी हजर. हातात ताट, ताटात नारळ, खण, तांदूळ. मागं गल्लीतल्या चार बायका, आणि सगळ्यांच्या मागं वहिनींचे यजमान राधाकृष्ण मास्तर. हा वकिलांचा लहानपणचा मित्र. पूर्वी रोज बुद्धिबळाला यायचा. अंबिकाबाई गेल्यापासून उंबरा चढला नव्हता.

"भावजी, नव्या नवरीला बोलवा बाहेर. ओटी भरायचीय. आम्ही काय खातोय तिला?"

"लग्न केलंस आणि मला कळवलंही नाहीस?" मास्तर मागून ओरडले. "इतका परका झालो?"

"तू येत होतास कुठं?"

"काय बोलावं ते सुचत नव्हतं रे," मास्तर एकदम पडल्या आवाजात म्हणाले.

वकील सगळ्यांना मागच्या अंगणात घेऊन गेले आणि गाडीतला पदर त्यांनी बाजूला केला. गोणपाट दिसलं. बायकांनी तोंडाला पदर लावले, एकीला तर हसू आवरेना. पण वहिनींनी लुगड्याचा काठ हातात घेतला आणि त्या थबकल्या.

"हे अंबिकाचं."

"हो. फिटरनं विचारलं शेजारी कोण बसणार, आणि माझ्याच्यानं कोणी नाही म्हणवेना, वहिनी. फार एकटं वाटतं. बाकी काही नाही."

हसणाऱ्या बाईनं तोंडावरचा पदर काढला. वहिनींनी डोळे पुसले. "आणलेली ओटी परत नेत नाहीत. सवाष्ण गेली ती, तिचीच समजा," म्हणत त्यांनी नारळ, खण, तांदूळ पोत्यावर ठेवले. मास्तर मात्र कधीच फाटकाबाहेर निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी पोतं घरी ठेवलं आणि कृपादानचं दुकान गाठलं.

"एकट्याचं करून दे."

"का वो? बाईसाहेब रुसल्या का?"

"त्या गाडी यायच्या आधीच गेल्या, कृपादान. मी तुला खोटं सांगितलं."

कृपादाननं टोपी काढली. "अरेरे" काही म्हणाला नाही. सुतळी ताणली, डोळा मिटला, शेजारची सीट रिकामी ठेवूनच चाकं बसवली. "आता हात सोडला तरी सरळ जाईल," म्हणाला.

आणि खरंच गेली. कुठं म्हणून ओढली नाही. इतकी शहाण्यासारखी गाडी नृसिंहरावांना मुळीच आवडली नाही. घर येईपर्यंत शेजारच्या सीटकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

घराच्या पायरीवर काखेत बुद्धिबळाचा पट घेऊन राधाकृष्ण मास्तर बसलेले.

"काय रे, किती उशीर! चल, आधी एक चक्कर मारू. ज्वारीला फिरवतोस, मग मी काय पाप केलंय?"

असं म्हणून मास्तर अंग चोरत, दार ओढत एकदाचे आत मावले. मास्तर अंबिकाबाईंच्या दुप्पट. गाडी डावीकडं बसली आणि वेस ओलांडायच्या आत डावीकडं ओढायला लागली.

"अरे, अरे, ही तर गटाराकडं निघाली! नवे टायर खाऊन टाकेल!"

"खाऊ दे," नृसिंहराव म्हणाले. "तू नीट टेकून बस."