पाच मिनिटं पुढे पळणारं घड्याळ

"चौतीस वर्षांच्या नोकरीत एक लेटमार्क नाही! टाइम माह्या रक्तात हाय!"

पोलाद कारखान्यातून रिटायर झालेले बळीराम मेश्राम भेटेल त्याला हे ऐकवायचे. त्याच जोरावर त्यांनी कोहका वस्तीतल्या बुद्धविहाराला स्वतः बनवलेलं डिजिटल घड्याळ द्यायचं कबूल केलं, रविवारच्या वंदनेला. एका सेकंदाचाही फरक पडला तर नावाचा बळीराम नाही, असं विहाराच्या समितीसमोर बोलूनही बसले!

घड्याळ झालं, पण संध्याकाळी मोबाइल पाहून बरोबर करावं, तर सकाळी पाच मिनिटं पुढे. रोज!

"दुर्गच्या दुकानदारानं नकली क्रिस्टल देल्ला! त्याच्यावरच त घड्याळाची चाल असते!" बळीराम गरजले.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या संघमित्रानं, त्यांच्या लेकीनं, घड्याळाला चाल देणारं तेच ऑसिलेटर सर्किट लॅपटॉपवर चालवून दाखवलं. "बाबा, फ्रिक्वेन्सीचा हा स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, तरी दिवसाला दोन-तीन सेकंदांचा फरक. पाच मिनिटं? इम्पॉसिबल!"

"तुहा लॅपटॉप खोटं बोलून राहिला!"

"तो कावून खोटं बोलन? हा कोणाचा तरी हात हाय."

हात! बळीरामांच्या डोळ्यांसमोर समितीचा सुगत उभा राहिला. विहाराला त्याला स्वतःच्या दुकानातलं घड्याळ द्यायचं होतं, आणि हा पठ्ठ्या रोज सकाळी फिरायला बोलवायच्या निमित्तानं घरात घुसायचा!

शनिवारी संध्याकाळी बळीरामांनी घड्याळ बरोबर केलं आणि वेळ लावायच्या बटनाला कपड्यांची नीळ चोपडून ठेवली.

रविवारी पुन्हा पाच मिनिटं पुढे. पुरावा म्हणून घड्याळ तसंच उचललं, पांढराशुभ्र सदरा चढवला आणि विहारात जाऊन थेट सुगतचं मनगट धरलं.

"दाखव बोटं!"

बोटं स्वच्छ. लोक मात्र बळीरामांकडे बघून हसत होते.

"बाबा, तुमची कॉलर!" संघमित्रा कुजबुजली.

कॉलरवर दोन बोटांचे निळे ठसे! आणि निघताना कॉलर नीट केली होती ती त्यांच्या बायकोनं, चंपाबाईंनी.

"तू?" बळीराम शेजारी उभ्या चंपाबाईंकडे वळले.

"मंग कोन?" चंपाबाई म्हणाल्या. "तुमच्या पहिल्या शिफ्टपासून घरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं करून ठेवते. नाही त लेटमार्कच लेटमार्क असते! तुमी रिटायर झाले, माह्या हाताची सवय थोडी रिटायर झाली?"

सगळा विहार ऐकत होता. रक्तातला टाइम बळीरामांच्या कपाळावर घाम होऊन आला.

सुगतनं घड्याळ भिंतीवर टांगलं. "काका, पाच मिनिटं पुढं हाय. बरोबर करू?"

"राहू दे," बळीराम हळूच म्हणाले. "लोकं टायमावर येतीन."