पाय वाचणारे सुधाकरभाऊ

संगणकापुढे मूल बसलं की आम्ही सगळे पडद्याकडे पाहायचो. सुधाकरभाऊ टेबलाखाली शिरायचे.

"पाय पाहा, पाय," ते खालून म्हणायचे. "तोंड खोटं बोलते. मास्तरले खूश करायले पोरगं हसते. पायाले ते जमत नाई."

धानोऱ्यात आम्ही लहान मुलांना वाचायला शिकवणारी वेबसाइट बनवत होतो. संगणकाचं काम माझं. भाऊंनी आयुष्यभर भावी शिक्षकांना बालमानसशास्त्र शिकवलेलं. निवृत्तीनंतर ते मदतीला आले आणि त्यांनी माझी निम्मी मेहनत पुसून टाकली. पहिल्या पानावर मी नाचती अक्षरं, चित्रांची गर्दी आणि कोपऱ्यात पळतं घड्याळ टाकलं होतं. त्या पानावर एका मुलीच्या पायाची बोटं आखडली, ती सुटलीच नाहीत.

"एका वेळी एकच गोष्ट दे," भाऊ गुडघे झाडत उठले. "अन् हे घड्याळ काऊन पळवून राह्यला? भ्यालेलं पोरगं वाचत नाई, अंदाज मारते."

घड्याळ गेलं. चुकल्यावर येणारी लाल फुलीही गेली. तिच्या जागी चित्र नुसतं थांबून राहू लागलं, मूल पुन्हा बोट लावेपर्यंत.

मग साइट पाहायला जिल्ह्याहून साहेब आले. त्यांना घड्याळ हवं होतं, शिवाय पहिला-दुसरा नंबर. भाऊंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या मुलांसाठी केलेलं तेलुगू पान उघडलं, माझं जुनं घड्याळ त्यावर चालू करायला लावलं आणि म्हणाले, "साहेब, जरा बूट काढता का?"

साहेबांना तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. घड्याळ पळत होतं. टेबलाखालून आवाज आला, "साहेब, मोज्यातूनबी दिसून राह्यलं!"

साहेब हसले नाहीत. पण घड्याळाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे काही दिवस भाऊ आलेच नाहीत, म्हणून नवी पानं दाखवायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कधी कोणाला घरी बोलावलं नव्हतं. ओसरीवर त्यांच्या पत्नी रेखाबाई बसल्या होत्या. त्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या बाई होत्या, एवढं मला माहीत होतं. अर्धांगवायूनंतर त्यांचे शब्दच गेलेत, हे माहीत नव्हतं. मांडीवर टॅबलेट, त्यावर आमची साइट.

"ह्या आमच्या मॅडम," भाऊ घाईने म्हणाले. "साइटमधल्या चुका काढून देतेत."

बाई आमच्या साइटवरून पुन्हा शब्द शिकत होत्या, हे मी समजलो. जन्मभर पोरांना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या बाईंना त्यांनी विद्यार्थी होऊ दिलं नव्हतं.

मी नवं पान त्यांच्यासमोर धरलं. "बाई, यात काही चुकलं का?"

मोहाच्या फुलाचं चित्र होतं. शहरातल्या चित्रकाराने ते गोलसर, रसाळ फूल मोगऱ्यासारखं, पांढऱ्या पाकळ्यांचं काढलं होतं. बाई पाहत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, थांबले.

शेवटी त्यांचं बोट चित्रावर टेकलं.

"मोह..." मग बऱ्याच वेळाने, वर्गावर बोलावं तशा करड्या आवाजात, "असा नाई."

"चहा ठेवतो," म्हणत भाऊ आत गेले. आतून ना भांड्याचा आवाज आला, ना शेगडीचा. मी हाक मारली नाही.

बाईंनी मात्र पुढच्या पानासाठी माझ्यापुढे हात केला.