सवयीचा चार्ज

नारायण गुरव यांची विडीची सवय सोमवारी त्यांच्या मागोमाग आरोग्य केंद्रात आली आणि बाकावर जागा करून बसली. बत्तीस वर्षांची, अंगानं किडकिडीत, वागायला मात्र शालीन.

नारायणराव देवळात सनई वाजवत. मुलीचं लग्न वीस दिवसांवर आलं होतं आणि दम पुरत नसल्यानं सूर अर्ध्यात तुटत होता. लेकीच्या मांडवात दुसऱ्या कुणाची सनई वाजावी, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

सिस्टर कालिंदी नुकतीच तालुक्याहून विडी-तंबाखू सोडवण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. पेशंटवर रागवायचं नाही, सवयीवरही नाही, हे तिनं वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. तिनं सवयीला चहा विचारला.

"जायला माझी ना नाही, बाई," सवय म्हणाली. "पण चार्ज कुणाला देऊ?"

रास्तच होतं. चार्ज दिल्याशिवाय या केंद्रातून शिपाईसुद्धा सुटला नव्हता. कालिंदीनं प्रशिक्षणाच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कामांची यादी करा, एकेक काम कुणाला तरी सोपवा," ते म्हणाले. "अडलं तर परत फोन करा. लाजू नका."

पहाटे पाचची सोबत गाईनं घेतली. जेवणानंतरची दहा मिनिटं बडीशेपेकडे गेली. तिसऱ्या कामावर गाडी अडली: घरात नवरा-बायकोचं वाजलं की नारायणरावांना उठवून बाहेर नेणे.

"तेवढं हिच्याकडेच राहू दे की," नारायणराव घाईनं म्हणाले.

"अर्धा चार्ज नियमात बसत नाही," सवय म्हणाली.

एवढ्यात त्यांच्या पत्नी सगुणाबाई दारातून आत आल्या. "आणा इकडे. भांडण रंगात आलं की ही बया ह्यांना अंगणात न्यायची. बत्तीस वर्षांची अर्धी भांडणं पडून आहेत घरात. सही कुठं करू?"

सही झाली. सवयीनं कार्यमुक्तीचा कागद घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि साडेअकराच्या एसटीनं गेली.

नारायणराव दाराकडे बघत राहिले. "सिस्टर, मीपण निघू का?"

"बसा," सगुणाबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "आपल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमची आत्या माझ्या पुरणपोळीला काय म्हणाली, तिथनं सुरू करू."

बाराच्या सुमारास नारायणराव आत्याच्या बाजूनं इतकं लांबलचक बोलले, की मध्ये कुठे थांबावंच लागलं नाही. कालिंदीनं घड्याळ बघितलं, केसपेपरवर 'श्वास पुरतो' असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हळूच म्हणाली, "जरा बाहेर बसा. आत उपचार चालू आहेत."