सगुणाबाईंच्या फुगडीचा दरबारी निवाडा

श्री. बजरंगबलीस, चुन्याच्या रेघेस आणि पंचाच्या शिट्टीस दंडवत घालून हकीकत लिहिली ऐसीजे. शके अठराशे नव्वद, कीलक नाम संवत्सर, श्रावणमास. ते समयी व्यायामविद्येचे राज्य भरभराटीस होते आणि राज्यात दोन मातबर सरदार होते, दंडबैठकांच्या खात्याचे रखमाजीराव शितोळे आणि श्वासशास्त्राचे त्र्यंबकपंत खांबेटे. उभयतांत ऐसे वितुष्ट की एकाच कोचावर बसून एकमेकांस निरोप शिपायाकरवी पाठवीत. आणि त्याच राज्यात सगुणाबाई रिसबूड नावाच्या संशोधिका होत्या, त्यांनी केस पांढरे होईतो एका फुगडीचाच अभ्यास केला. लहानपणी सारवलेल्या अंगणात गोदी नावाच्या मैत्रिणीशी फुगडी घालताना बाईंचा पाय घसरला आणि तरी बाई पडल्या नाहीत. का पडलो नाही, हेच त्यांस जन्मभर शोधावयाचे होते. मग बाईंनी छातीचे ठोके मोजिले, घाम बाटल्यांत भरिला आणि सिद्धान्त मांडिला की फुगडीत आपला तोल आपल्यापाशी नसतो, समोरचीच्या हाती असतो.

प्रबंध दरबारी गेला आणि बायकांचा खेळ म्हणून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. मग महाराजांनी फर्माविले की, विद्यापीठाच्या हत्तींस जागा पुरत नाही, या खेपेस दोन्ही सरदार मान्य न करतील तर बाईंची प्रयोगशाळा मोडून तेथे हत्ती बांधावे. सरदारांनी शिपायाकरवी एकमेकांस विचारिले आणि पहिल्यानेच एकमत होऊन नकार दिला. शितोळे वदले की, पोरींना सवय असते, सवयीचा पुरावा आम्ही धरीत नाही.

तेव्हा बाई पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "मग ज्यांस सवय नाही आणि एकमेकांचा भरवसाही नाही अशा दोघांनी घालावी. तसे दोघे या कोचावर बसले आहेत."

महाराजांस मौज वाटली, हुकूम सुटला, आणि सरदारांनी पायास पाय भिडवून, हात गुंफून, अंगे मागे टाकिली आणि गरगर फिरू लागले. पंतांची पगडी उडून खजिनदारांच्या मांडीवर बसली. आणि मग ध्यानी आले की थांबावे कसे, हे दोघांसही ठाऊक नाही. शिपाई निरोप घेत भोवती धावला आणि घेरी येऊन खाली बसला. मग निरुपायाने पंत स्वमुखे बोलले, "रावसाहेब, सोडता काय?"

"तुम्ही भिंतीकडे आहात तोवर नाही."

"आणि पुढल्या अर्ध्या फेऱ्यात भिंतीकडे तुम्ही."

"तेच म्हणतो. घट्ट धरा."

इतक्यात रावसाहेबांचा पाय घसरला, पंतांनी हात ओढून धरिले, आणि रावसाहेब पडले नाहीत. सारा दरबार उठून उभा राहिला. बाईंच्या डोळ्यांस पाणी आले. त्यांनी सांगितले की, पावले आखूड करा, दोघांनी मिळून. तेणेकरून सरदार थांबले, परंतु दरबार फिरतच होता म्हणून त्यांनी हात सोडिले नाहीत आणि तसेच म्हणाले, "मान्य."

मग महाराजांनी बाईंस विद्यापीठात फुगडीविद्येच्या अध्यापनाची गादी दिली आणि आणखी काय पाहिजे ते पुसिले. बाईंनी हात गुंफून पुढे केले. गोदी कधीच गेली होती. दरबारी माना खाली घालून बसले, कोणी हात देईना. मग महाराज आपणच सिंहासनावरून उतरले, जोडे काढिले आणि हळूच म्हणाले, "सोडू नका हां, बाई."

येणेप्रमाणे प्रबंध मान्य जाहला आणि प्रयोगशाळा राहिली. राज्याचा तोल तेवढा वेळ सगुणाबाईंच्या हाती होता, आणि हत्ती बाहेर पावसात उभे होते.